रॉनची कांडी

ऑरलँडोच्या डायगन अ‍ॅलीत दुकानाच्या खिडकीसमोर मी कांडी फिरवली आणि आतली वस्तू हलली. कशी, ते माहीत होतं: कांडीच्या टोकाला प्रकाश परतवणारा मणी, समोर लपवलेला इन्फ्रारेड कॅमेरा, हालचाल ओळखणारा प्रोग्राम. माझं पोटच कोडवर चालतं. तरी अंगावर काटा आला. त्यामुळे ‘हे सगळं खोटं आहे’ ही माझी तक्रार नाही. पुस्तकातलं तरी कुठे खरं होतं?

अडलं ते वेगळीकडे. इथल्या ऑलिव्हँडरकडे कांडी एखाद्या मुलाला ‘निवडते’, पण पैसे द्यावेच लागतात. ठीक आहे, हॅरीनेही सात गॅलियन मोजले होते. पण मणी नसलेली साधी कांडी जरा स्वस्तात मिळते, आणि ती कितीही फिरवा, कॅमेऱ्याला दिसतच नाही. पुस्तकात रॉन पहिल्या वर्षी मोठ्या भावाची झिजलेली कांडी घेऊन येतो आणि तिनेच ट्रोलला आडवं करतो. लायब्ररीतली एकच प्रत चौघांत फिरवणाऱ्या आम्हा मुलांना हॅरीपेक्षा तोच जवळचा वाटायचा.

त्या खिडकीसमोर रॉन असता, तर आपलंच मनगट चुकतंय असं समजून तो पुन्हा पुन्हा कांडी फिरवत राहिला असता.