कमी बिल म्हणजे काटकसर?

गेल्या एप्रिलमध्ये मी शहापूर-मुरबाडमध्ये इमारती मोजत फिरत होतो. घरं सोडून बाकी सगळं: शाळा, दवाखाने, मंगल कार्यालयं, गोदामं. वर्षभराची वीज भागिले क्षेत्रफळ, म्हणजे दर चौरस मीटरला किती युनिट. देशभरातल्या अशा इमारतींच्या विजेचा अंदाज बांधायचा, तर असे नमुने घेऊन ते एकूण क्षेत्रफळाने गुणतात. केंद्राची बीईई ही संस्था २००९ पासून ऑफिसांच्या इमारतींना याच आकड्यावर तारे देते. आकडा कमी, तर तारे जास्त.

माझ्या यादीत सगळ्यात कमी आकडा एका आश्रमशाळेचा निघाला. मी तिथल्या सरांना म्हटलं, "छान वीज वाचवता तुम्ही."

सर हसले. "वर्गात सहा पंखे आहेत, चालतात दोन. मोटार आहे, पण विहिरीला पाणी कुठंय? वाचवायला आधी वापरायला तर मिळू दे!"

साधा ७५ वॅटचा पंखा आठ तास फिरला, तर ०.६ युनिट जळतं. म्हणजे चार पंखे दुरुस्त केले की शाळेचा आकडा 'बिघडणार'. भागाकार बरोबरच आहे. पण दक्षता म्हणजे तोच गारवा कमी विजेत. इथे गारवाच नाही, आणि हा फरक आकड्याला दिसत नाही.

भातसा, तानसा, मोडकसागर याच तालुक्यात. पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर येतात. पाणी कमी वापरतात म्हणून त्या पाड्यांना कुणी काटकसरी म्हणत नाही. मग विजेच्या बाबतीत का म्हणायचं?

कुणी म्हणेल, मॉडेलचं काम जे आहे ते सांगणं, जे असावं ते नव्हे. मलाही तसंच वाटायचं. पण उद्याचा ट्रान्सफॉर्मर, छतावरचं सोलर याच आकड्यावरून ठरलं, तर आजची टंचाई हीच उद्याची गरज ठरते. 'आहे' चं 'असावं' होताना कुणी सही करत नाही, म्हणून जबाबदारही कुणी नसतं.

मी तक्त्यात एक रकाना वाढवला: 'हवी असून न वापरलेली वीज'. बंद पंखे, कोरडी मोटार, त्यांचे तास. मॉडेलमध्ये त्याला अजून जागा नाही. तरी भरून पाठवला.

पुढच्या एप्रिलला त्या शाळेचं बिल वाढलेलं दिसावं, एवढीच इच्छा आहे.