अरुंद जागेतली पकड

1918 सालची गोष्ट. युरोपात महायुद्ध चालू होते आणि खंदकांवर विषारी वायू सोडले जात होते. दूर अमेरिकेतल्या एका गावात दुकानाच्या दाराशी एक पिंप ठेवले होते. सैनिकांच्या मुखवट्यांसाठी लोक त्यात पीचच्या बिया, अक्रोडाची टरफले, नारळाच्या करवंट्या आणून टाकत.

एक मुलगी रोज ओंजळभर बिया घेऊन जाई. तिचा भाऊ आघाडीवर होता. एकदा तिने विचारले, "आजी, यांचा कोळसाच करणार ना? कोळसा तर बोटांनी चुरडला जातो. तो विषाला कसा धरणार?"

आजी म्हणाली, "ते मला नाही सांगता येणार, बाळ. पण त्यांनी मागितल्यात, तर आपण देऊ या."

मुलीने बिया पिंपात टाकल्या.

पिंप भरले, कारखान्यात गेले. बिया बंद भट्टीत भाजल्या, त्यांचा कोळसा झाला. तापलेल्या कोळशातून वाफ सोडली. वाफेने त्याला आतून कोरले. तुकडा बाहेरून होता तसाच दिसत राहिला, पण त्याच्या पोटात असंख्य बारीक फटी झाल्या. अशा एका ग्रॅम कोळशातल्या भिंती उलगडून पसरल्या, तर सुमारे 1000 चौरस मीटर जागा व्यापतील.

तो कोळसा एका सैनिकाच्या मुखवट्यात गेला. एके पहाटे वायू आला. विषाचा एक रेणू श्वासाबरोबर आत ओढला गेला. तो कोळशाच्या बाहेरच्या अंगाला टेकला. तिथे ओढ होती, पण अगदी हलकी. रेणू उष्णतेने थरथरत होता. त्या थरथरीनेच तो सुटला. पुढे एक रुंद वाट लागली. तिथल्या भिंतीनेही त्याला क्षणभर धरले आणि सोडले. मग तो एका फटीत शिरला. फट त्याच्याहून जेमतेम मोठी होती. इकडची भिंत ओढत होती, तिकडचीही ओढत होती. रेणू थरथरला, पण सुटला नाही. मागून आलेले रेणूही असेच अडकत गेले. सैनिकाच्या छातीत गेली ती स्वच्छ हवा.

या ओढीला डच शास्त्रज्ञ व्हान डर वाल्स यांचे नाव आहे. दोन रेणूंमधले अंतर दुप्पट झाले, की तिची ऊर्जा चौसष्टाव्या हिश्शावर येते. पण दोन नॅनोमीटरहून अरुंद फटीत समोरासमोरच्या भिंतींची ओढ एकमेकींत मिसळते आणि पकड घट्ट होते. रुंद वाटेतल्या भिंतीही त्याच कोळशाच्या होत्या, तिथेही त्या दोन्ही बाजूंना होत्या. त्या फक्त एकमेकींपासून लांब होत्या.

दुबळ्यांनी पुष्कळ असून भागत नाही, त्यांनी जवळ असावे लागते. कुणाला सावरायचे असेल, तर आपली ताकद किती हे मोजत बसू नये. आधी मधले अंतर कमी करावे, आणि दुसऱ्या बाजूनेही कुणीतरी उभे राहील एवढे पाहावे.