साचा आणि साक्ष

पेणच्या कारखान्यांत एकाच साच्यातून अनेक गणेशमूर्ती निघतात. डोळ्यांची आखणी तेवढी मागाहून हाताने होते. त्यांतलीच एखादी रोह्यातील घरात येते, पूजली जाते, विसर्जित होते. यांत्रिक पुनरुत्पादनाने कलाकृतीची आभा लोपते हे वॉल्टर बेंजामिनचे प्रतिपादन येथे अपुरे पडते. मूर्तीचे एकमेवत्व पूजेत सिद्ध होते. आणि आखणीचा हात नंतर फिरला म्हणून ती खोटी ठरत नाही. काही घडून गेल्याचा दावा तिने केलेलाच नसतो.

'लाइव्ह' ध्वनिमुद्रिका असा दावा करते. जूडास प्रीस्टच्या 'अनलीश्ड इन द ईस्ट'साठी (1979) आपण स्टुडिओत पुन्हा गायलो, हे रॉब हॅलफर्डने पुढे मान्य केले. तेथील दोष उघड आहे. डीप पर्पलच्या 'मेड इन जपान'ची (1972) गोष्ट अधिक अवघड. तिच्यावर मागाहून काही चढवलेले नाही अशी तिची ख्याती. मात्र तिच्यातील सात रचना ओसाका आणि टोकियो येथील तीन प्रयोगांतून निवडलेल्या आहेत. स्वर खरे, पण ही सलग रात्र कोणत्याच श्रोत्याने अनुभवलेली नाही.

एवढ्यावरून तिला असत्य म्हणावे, तर भांडारकर संस्थेच्या महाभारताची चिकित्सक आवृत्तीही असत्य ठरेल; तिची संहिता जशीच्या तशी कोणत्याही एका पोथीत नाही. फरक एवढाच, की आवृत्ती आपले पाठभेद तळाशी नोंदवते. डीप पर्पलचे पाठभेद बऱ्याच अंशी 1993 मध्ये, 'लाइव्ह इन जपान' या संचाने, श्रोत्यांच्या हाती आले.