खुराक

पैलवान खातो त्याला आपल्याकडे जेवण म्हणत नाहीत, खुराक म्हणतात. घाटावर खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम, थंडाई. आमच्या माहुलात दुधातुपाचं एवढं कौतुक नव्हतं. कोळ्याच्या पोराचा खुराक म्हणजे म्हावरं. खाडीच्या चिखलातल्या निवट्या, चिंबोऱ्या, कोलंबी, आणि पावसाळ्यात सुकट नाहीतर सुका बोंबील. १९५५ च्या सुमारास गावाच्या उशाशी तेलाचे कारखाने आले, पुढं खाडीचं पाणी बदललं, म्हावरं आटलं. आता त्या चिखलात थंडीत फ्लेमिंगो येतात आणि ते बघायला बाहेरची माणसं होडीत बसतात. पण पोरांचं अंग कमावायचं वेड काही आटलं नाही. फक्त खुराक डब्यातून येऊ लागला.

माझा थोरला पुतण्या जिमला जातो. त्याला ‘मुंबई श्री’च्या स्टेजवर उभं राहायचंय. घरात देवाच्या फळीखाली त्याचे दोन डबे असतात, एक प्रोटीनचा आणि एक अमिनो ॲसिडचा. दुसऱ्या डब्यावरची नावं मी चष्मा लावून वाचली. ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन. वाचून विसरणारा मी नाही, जरा खणून पाहिलं. प्रथिनांची बाराखडी वीस अक्षरांची. त्यातली नऊ शरीराला स्वतः घडवता येत नाहीत, ती खाण्यातूनच यावी लागतात. डब्यातली तीन त्या नवांतली. पण तीन अक्षरांत सगळे शब्द कसे लिहिणार? बाकीची सहा पोटात नसतील तर नुसत्या तिघांनी स्नायू उभा राहत नाही. आणि असतील, म्हणजे पोरगा मासे, अंडी, दूध नीट खात असेल, तर त्या तिघांची वेगळी गरज फारशी उरत नाही. डाळभातसुद्धा उगाच जोडीनं शिजत नाही. तांदळात जे कमी ते डाळीत असतं, डाळीत जे कमी ते तांदळात.

गावातली म्हातारी माणसं म्हणतात, हे डब्याचं अंग, खोटं. मला ते पटत नाही. ल्युसिन बोंबलातून आलं काय नि भुकटीतून आलं काय, दंडाला त्याचा पत्ता नसतो. प्रोटीनची भुकटी तरी काय, चीज करताना सुटणाऱ्या पाण्यातूनच निघते. पहाटे पाचला उठून वजन पोरगाच उचलतो. घाम त्याचाच. त्याला खोटं म्हणणं अन्याय आहे. (सुया टोचून घेणाऱ्यांची गोष्ट निराळी, ती इथं नको.)

मला खुपतं ते वेगळंच. आमची वहिनी चेंबूरला पाटी घेऊन बसते. प्रोटीनचा डबा साडेतीन हजारांचा, तो तिच्या पाटीतून येतो. साध्या माणसाला दिवसाला वजनाच्या किलोमागे सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिनं लागतात. कसणाऱ्याला साधारण त्याच्या दुप्पट. पोरगा हे मोजून घेतो, डब्यातल्या चमच्यानं. वहिनीचं कोणी मोजत नाही. तुकड्या पोराला, डोकं आणि कालवण तिला. गुडघे धरून उठते. एकदा मी बोललो तर म्हणाली, “पोराचा आंग भरला पायजे. मना काय, कालवन हाय.”

मग प्रश्न असा की ते अंग कोणाचं? जिममधली पोरं म्हणतात, ‘मी बनवलं.’

यात डब्याचा दोष मानून मी मोकळा झालो असतो, पण जुन्या तालमीतही दुधाचा तांब्या पैलवानाला जायचा आणि घरच्या बायकांना ताक उरायचं. दूध गोठ्यातलं, म्हणून त्याची पावती नव्हती एवढंच. डब्यावर किंमत छापलेली असते, त्यामुळं निदान हिशेब दिसतो. खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकीला जायचं होतं, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, आणि परतल्यावर कुस्त्या लढून ते कर्ज फेडलं. ते कर्ज होतं हे त्यांना ठाऊक होतं. घरातला खुराक मात्र कोणी कर्ज म्हणून लिहून ठेवत नाही. आई देते, त्याला कर्ज म्हणावं तरी कसं? आणि म्हणू नये तर तिच्या गुडघ्यांचं काय?

पुतण्याला मी हे सगळं नाही सांगितलं. एवढंच म्हणालो, “अरे, सुक्या बोंबलात शंभर ग्रॅमला साठेक ग्रॅम प्रथिनं असतात. अमिनोचा डबा सोड, त्या पैशात घरातली सगळी खातील.”

तो हसला. “काका, त्यातलं मीठ बघा की! स्पर्धेच्या आधी मीठ चालतं का?”

बरोबर होतं त्याचं. पण अमिनोचा डबा संपल्यावर दुसरा आला नाही. त्या पैशांत अंडी येतात, ट्रेच्या ट्रे. सकाळी चार उकडतात, त्यातली दोन आईची असं त्यानंच ठरवलंय. वहिनी एक खाते. दुसरं, तो अंघोळीला गेला की, त्याच्याच ताटात सारते.