मुद्दलाला हात

"मी आयुष्यात मुद्दलाला हात लावलेला नाही," लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले निवृत्त गृहस्थ म्हणाले. जिलेबी मोडत पुढे सांगू लागले की, आता ते असा फंड शोधताहेत, ज्यातल्या कंपन्या दर वर्षी लाभांश वाढवत नेतात. "पेन्शनीला महागाई भत्ता असतो ना, तसं. मुद्दल जागच्या जागी, आणि वरचं वाढत राहणार." मी मान डोलावली. नंतर मात्र ते बोलणे डोक्यातून जाईना. त्यात काहीतरी अगदी बरोबर होते आणि काहीतरी अगदी चूक, आणि दोन्ही एकमेकांत इतके गुंतलेले की कुठे बोट ठेवावे ते कळेना.

म्युच्युअल फंड म्हणजे काय आणि एसआयपी कशी करतात हे आता रिक्षावालाही सांगतो, त्यामुळे ते सोडून देतो. मला बोलायचे आहे ते मुद्दलाबद्दल. आपल्या मध्यमवर्गीय घरांत मुद्दल हा हिशेबाचा विषय कधीच नव्हता, तो चारित्र्याचा विषय होता. व्याज खाणारा माणूस संसारी, मुद्दल खाणारा उधळ्या. मुदत ठेव, पोस्टाची मासिक प्राप्ती योजना, घरभाडे, सगळी रचना याच एका नियमावर उभी. ठेवीत हा नियम शोभतोही, कारण तिथे मुद्दल कागदावर लिहिलेले असते आणि व्याज त्याच्या बाहेरून येते.

शेअरचे तसे नसते. कंपनीने लाभांश दिला की तेवढी रोकड कंपनीतून बाहेर जाते, आणि एक्स-डेटच्या (म्हणजे नव्याने शेअर घेणाऱ्याला तो लाभांश मिळेनासा होतो त्या दिवसाच्या) सकाळी शेअरचा भाव साधारण तेवढ्याने खाली उघडतो. म्हणजे लाभांश घेणे हेही मुद्दलाला हात लावणेच. फक्त हात संचालक मंडळाचा असतो. फंडांच्या बाबतीत तर सेबीने हे उघडच करून टाकले. 1 एप्रिल 2021 पासून फंडांच्या 'डिव्हिडंड' पर्यायाचे नाव बदलून त्यात भांडवल काढून घेण्याचा उल्लेख घालायला लावला, कारण त्या पर्यायात हाती पडणाऱ्या रकमेत गुंतवणूकदाराचेच पैसे परत आलेले असू शकतात. पंगतीतल्या गृहस्थांपर्यंत ही बातमी पोचली असेल, पण पटली नसावी.

माझा एक सीए मित्र आहे, त्याला हे सगळे फार आवडते. लाभांशाचे नाव काढले की तो 1961 सालात जाऊन बसतो. त्या वर्षी मर्टन मिलर आणि फ्रँको मोदिल्यानी यांनी दाखवून दिले की, कर आणि दलालीचा खर्च नाही असे धरले आणि कंपनीने पैसा कुठे गुंतवायचा हे आधीच ठरलेले असले, तर लाभांश दिला काय आणि न दिला काय, भागधारकाच्या श्रीमंतीत फरक पडत नाही. पुढे दोघांनाही वेगवेगळ्या वर्षी नोबेल मिळाले. "पैसे लागले तर चार युनिट वीक," मित्र म्हणतो. "वर्षाला दोन टक्के विकलेस आणि फंड दहा टक्के वाढला, तर तुझं मुद्दल कुठे गेलं? लाभांश, लाभांश काय करत बसलायस!" आणि मग वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने त्यांच्या कारकिर्दीत 1967 साली एकदाच काय तो लाभांश दिला, हे तो मला निदान वर्षातून एकदा तरी ऐकवतो.

त्याच्या गणितात खोट नाही. ते ज्या गृहीतकावर उभे आहे, ते मात्र मला गमतीचे वाटते. कंपनीने पैसा कुठे गुंतवायचा ते आधीच ठरलेले आहे म्हणे! तिजोरीत हजारो कोटी पडून आहेत आणि मालक शांतपणे ठरलेल्या यादीप्रमाणे वागतो आहे, असे चित्र भारतीय शेअरबाजारात ज्याने चार वर्षे काढली आहेत त्याला रंगवता येणार नाही. डिसेंबर 2008 मध्ये सत्यम कॉम्प्युटर्सने प्रवर्तकांच्याच कुटुंबाच्या दोन बांधकाम कंपन्या सुमारे 1.6 अब्ज डॉलरना विकत घ्यायचे जाहीर केले होते. भागधारकांनी आरडाओरडा केला आणि काही तासांत तो बेत गुंडाळावा लागला. 7 जानेवारी 2009 ला रामलिंग राजू यांचे कबुलीपत्र आले, आणि ताळेबंदातली 5,040 कोटींची रोकड मुळात नव्हतीच असे कळले. ताळेबंदातला नफा हे मत असते. लाभांशासाठी बँकेत खरा पैसा लागतो. (सत्यमही लाभांश देत होती, हे मित्राच्या आधी मीच सांगून टाकतो. पण दाखवलेल्या नफ्याच्या मानाने तो किती देता येत होता, हे कोणी बारकाईने पाहिले असते तर बरे झाले असते.)

इथे मला एक फरक करावासा वाटतो, आणि सगळा घोळ तो न केल्याने होतो असे माझे मत आहे. जास्त लाभांश देणारी कंपनी वेगळी आणि लाभांश वाढवत नेणारी कंपनी वेगळी. पहिली ओळखतात डिव्हिडंड यील्डवरून, म्हणजे लाभांश भागिले शेअरचा भाव. या भागाकारात भाव खाली असतो, त्यामुळे कंपनीचे दिवस फिरून भाव कोसळला की यील्ड आपोआप फुगते. हिंदुस्तान झिंकने 2022-23 या आर्थिक वर्षात शेअरमागे 75 रुपये 50 पैसे लाभांश दिला. सगळा मिळून जवळपास 32 हजार कोटी. त्या वर्षीचा नफा होता साडेदहा हजार कोटींच्या घरात. मूळ समूहावर कर्जफेडीचा ताण आहे हे तेव्हा सगळी अर्थपत्रे लिहीत होती. पुढच्या वर्षी तोच लाभांश 13 रुपयांवर आला. 75 रुपये पाहून ज्याने यील्ड काढली, त्याने मागच्या वर्षीचा पाऊस मोजून यंदाची पेरणी केली. सरकारी कंपन्यांचेही वेगळ्या प्रकारे हेच. नफ्याच्या 30 टक्के किंवा नक्त मूल्याच्या ठरावीक टक्के, यांपैकी जे जास्त असेल ते किमान द्यायचे, असा सरकारचा दंडकच आहे. तिथला लाभांश कंपनीइतकाच सरकारी तिजोरीबद्दलही बोलत असतो.

आणि आपल्याकडे नियमाने जो प्रकार आहे तो पहिलाच. सेबीने ऑक्टोबर 2017 मध्ये फंडांची वर्गवारी केली तेव्हा 'डिव्हिडंड यील्ड फंड' असा वर्ग पाडला. लाभांश वाढवणाऱ्यांचा निराळा वर्ग नाही. दुसरा प्रकार शोधायचा तर तो फंड मॅनेजरच्या निवडीत शोधावा लागतो. अमेरिकेत तो नावानिशी मिळतो. व्हॅनगार्डचा 'डिव्हिडंड ग्रोथ फंड' 2002 पर्यंत वीज-पाणी पुरवणाऱ्या, भरपूर यील्ड देणाऱ्या कंपन्यांचा फंड होता. त्या वर्षी त्याचे नाव आणि धोरण दोन्ही बदलले. तिथे सलग 25 वर्षे लाभांश वाढवणाऱ्या कंपन्यांची मानाची यादीच असते.

वाढीला एवढे महत्त्व का, याचे उत्तर 1956 सालीच हार्वर्डच्या जॉन लिंटनर यांनी 28 कंपन्यांच्या व्यवस्थापकांशी बोलून काढले होते. व्यवस्थापक लाभांश सावकाश वाढवतात, कारण एकदा वाढवलेला कमी करण्याची त्यांना धास्ती असते. म्हणून वाढवलेला लाभांश ही मागच्या नफ्याची वाटणी कमी आणि पुढच्या नफ्याबद्दलची जबानी जास्त असते. जबानी खोटीही निघते. जनरल इलेक्ट्रिकने महामंदीनंतर पहिल्यांदा 2009 साली लाभांश कापला, आणि 2018 मध्ये तर तिमाहीला एक सेंटवर आणून ठेवला. पण खोटी निघाली की गावभर होते, आणि त्या भीतीनेच ती पुष्कळदा खरी असते.

इथे थोडे आडवळणाने जातो, कारण लाभांश म्हटला की आमच्या पिढीला युनिट 64 आठवल्याशिवाय राहत नाही. यूटीआयची ती योजना 1964 ची. 10 रुपये दर्शनी किमतीचे युनिट, जुलैत स्वस्त मिळायचे म्हणून जुलैत गर्दी. पोस्टाने डिव्हिडंड वॉरंट यायचे, ते बँकेत भरायला घरातल्या पोराला पिटाळायचे. मुलीच्या लग्नाला युनिट, आजीच्या औषधाला युनिट. युनिटचा भाव यूटीआय स्वतः ठरवायची. आतल्या शेअरांची किंमत किती, हा प्रश्न कोणी विचारत नसे, कारण लाभांश वाढता होता आणि वाढता लाभांश म्हणजे सगळे आलबेल. 1998 मध्ये राखीव निधी उणे असल्याचे बाहेर आले, त्याही वर्षी लाभांश 20 टक्के होता. 2001 मध्ये तो 10 टक्क्यांवर उतरला आणि जुलैच्या सुरुवातीला युनिटची विक्री आणि पुनर्खरेदी थांबवली गेली. ज्यांनी मुद्दलाला कधी हात लावला नव्हता, त्यांना आता तो लावताच येईना.

मित्र हे उदाहरण माझ्या विरोधात वापरतो, आणि मला ते माझ्या बाजूचे वाटते. युनिट 64 चा लाभांश ही मध्यस्थाने घातलेली वाढ होती. ताटात काय वाढायचे ते वाढप्याने ठरवले. स्वयंपाकघरात काय शिल्लक आहे ते कोणी पाहिले नाही. कंपनी फंडाला देते तो लाभांश एक, आणि फंड तुम्हाला देतो तो दुसरा. या दोहोंचा संबंध लोक समजतात त्याहून फार सैल असतो.

किती सैल, ते आकडेच सांगतात. निफ्टीतल्या कंपन्यांची सरासरी यील्ड साधारण सव्वा ते दीड टक्का असते. एक कोटी गुंतवले तर वर्षाला सव्वा लाख धरू. सात टक्क्यांच्या ठेवीत सात लाख आले असते. लाभांश दर वर्षी 12 टक्क्यांनी वाढत गेला, आणि ही वाढ मोठी आहे, तरी ठेवीच्या जवळ पोचायला 15 वर्षे लागतात. त्या गृहस्थांचे वय 68 होते. त्याहून कडवट गोष्ट पुढेच आहे. वितरकामार्फत घेतलेल्या सक्रिय फंडाचा खर्च वर्षाला दीड-दोन टक्के सहज असतो. म्हणजे कंपन्यांनी दिलेला लाभांश बहुतेक सगळा फंड चालवण्यातच जिरतो, आणि फंड जी रक्कम 'वाटतो' ती मुख्यतः शेअर विकून झालेल्या नफ्यातून येते. वर्षाला सहा-सात टक्के वाटणारा फंड मुद्दलाला हात लावतोच. त्याशिवाय ते गणित जमणार कसे?

त्यात करही आहे. 2020 च्या अर्थसंकल्पापासून लाभांश घेणाऱ्याच्या उत्पन्नात मिळवला जातो, म्हणजे वरच्या टप्प्यातल्या माणसाचे 30 टक्के गेले. युनिट वर्षभरानंतर विकले तर कर फक्त नफ्याच्या हिश्श्यावर, तोही वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. आणि फंडाच्या हाती आलेल्या लाभांशावर फंडाला कर लागत नाही. या तिन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की लाभांशप्रेमी माणसाने काय करावे याचे उत्तर जरा विचित्र निघते: लाभांश वाढवणाऱ्या कंपन्यांचा फंड घ्यावा, त्यातला ग्रोथ पर्याय निवडावा आणि लाभांश स्वतः कधीच घेऊ नये. गरज लागली तर चार युनिट विकावीत. म्हणजे मी लाभांशाची बाजू घेऊन भांडायला बसलो आणि उठलो तो मित्राच्या दारात. त्याला हे अजून सांगितलेले नाही.

पण मग त्या गृहस्थांचे बरोबर काय होते? मार्च 2020 मध्ये निफ्टी जानेवारीच्या शिखरापासून एक तृतीयांशाहून अधिक घसरला. 'युनिट वीक' हे सूत्र पाळणाऱ्याला तेव्हा रोज पडता भाव पाहून विकायचे होते, आणि अशा दिवसांत माणूस चार विकायला जातो आणि सगळी विकून येतो. मुद्दलाला हात न लावण्याचा जुना नियम अर्थशास्त्रात बसत नसेल, पण घाबरलेल्या माणसाला तो बांधून ठेवतो. ज्याचे लक्ष भावाऐवजी लाभांशावर असते, त्याला धंदा चालू आहे की नाही ते दिसत राहते. अर्थात लगेच पुढच्याच महिन्यात, एप्रिलमध्ये, रिझर्व्ह बँकेने बँकांना मार्चअखेर संपलेल्या आर्थिक वर्षाच्या नफ्यातून आणखी लाभांश देण्यास मनाई केली आणि चांगल्या बँकांचीही साखळी तुटली. सलग 25 वर्षांची अमेरिकी अट जशीच्या तशी इथे लावली असती तर त्या बँका यादीतून गेल्या असत्या. जबानी वाचायची तर साक्षीदाराला गप्प कोणी केले तेही पाहावे लागते.

अडचण इतकीच की ग्रोथ पर्याय घेतला की लाभांश दिसतच नाही. रोज दिसते ती एनएव्ही, आणि एनएव्ही म्हणजे पुन्हा भावच. ज्यावर नजर ठेवून शांत राहायचे, तेच फंडाने पोटात घातले. मी पाहिलेल्या फॅक्टशीटांवर फंड मॅनेजरचा फोटो असतो, जोखमीचा काटा असतो, मोठ्या हिश्श्यांच्या कंपन्यांची यादी असते. कंपन्यांकडून या वर्षी युनिटमागे किती लाभांश आला आणि गेल्या वर्षी किती आला होता, हे कुठे दिसले नाही. तो आकडा योजनेच्या वार्षिक अहवालात, महसुली खात्यातल्या लाभांश उत्पन्नाच्या ओळीत, एकरकमी सापडतो. त्याला वर्षभरातल्या सरासरी युनिटसंख्येने भागायचे, आणि असे पाच-सहा वर्षांचे आकडे एकाखाली एक लिहायचे. पुढच्या आठवड्यात मित्राकडे जाणार आहे तेव्हा एका फंडाचे अहवाल घेऊन जाईन. भागाकार त्याला करू देत. लाभांशाच्या नावाने तो तेवढे तरी करील.