खाडीकडे पाठ फिरवलेले पाहुणे

मुंबईहून निघालेली रो-रो बोट मांडव्याला लागली की गाड्यांची रांग अलिबागमार्गे नागाव, काशिद, मुरूडच्या पुळणींकडे धावते. पाहुण्याला समुद्र हवा असतो, शक्यतो खोलीच्या खिडकीतून. यात वावगं काही नाही. पण रायगडच्या किनाऱ्यावरची जुनी बंदराची गावं अशी कळत नाहीत, कारण त्यांचा सगळा व्यवहार पूर्वापार खाडीच्या बाजूने चालत आला आहे.

कुंडलिका नदीचं मुख घ्या. उत्तरेला रेवदंडा आणि त्याला लागून चौल, दक्षिणेला कोर्लई. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या दर्यावर्दींच्या मार्गदर्शिकेत कल्याणनंतर 'सेमुल्ला' बंदर येतं, ते चौलच असं बहुतेक अभ्यासक मानतात. दहाव्या शतकात अरब प्रवासी अल मसुदी इथे येऊन गेला, 1469 मध्ये रशियन व्यापारी अफनासी निकितिन इथेच उतरला. उघड्या पुळणीसमोर गलबत वाऱ्याच्या तोंडी सापडतं. खाडीत शिरलं की निवारा मिळतो आणि भरतीवर माल आतल्या गावांपर्यंत जातो. 1508 मध्ये पोर्तुगीज आणि इजिप्त-गुजरातची आरमारं याच मुखाशी भिडली, ती या सोयीसाठीच.

कोर्लईच्या डोंगरावर उभं राहिलं की हे डोळ्यांनी दिसतं. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला खाडी, मधल्या चिंचोळ्या कण्यावर किल्ला. 1740 मध्ये पोर्तुगीजांनी चौल मराठ्यांच्या स्वाधीन केलं. सत्ता गेली, पायथ्याच्या गावात ख्रिस्ती वस्ती आणि तिची बोली मात्र राहिली. शब्द पोर्तुगीज वळणाचे, पण क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी. हजारभर माणसांच्या तोंडी ती अजून आहे. जगभरचे भाषाशास्त्रज्ञ तिचा अभ्यास करतात, आणि आपण त्याच गावातल्या दीपगृहापाशी सेल्फी काढून परततो!

माणूस आठवडाभर राबून विश्रांतीला येतो, त्याला इतिहासाची शिकवणी कशाला, असं कुणी म्हणेल. शिकवणी नकोच. पण पाहुणा जे पाहतो त्याप्रमाणे गाव बदलतं, हे विसरून चालणार नाही. पैसा फक्त वाळूवर खर्च झाला की नारळी-पोफळीच्या वाड्या कॉटेजसाठी विकल्या जातात, पुळणीची जागा मोलाची ठरते आणि खाडीची बाजू गावाचं परसदार होऊन बसते. तिथल्या तिवरांत प्लॅस्टिक अडकलं तरी पाहायला कुणी नसतं. मासळी मात्र त्याच तिवरांत वाढते, आणि रात्री हॉटेलात पाहुण्याच्या ताटात तीच येते. कोळीवाड्याला जेटी हवी, खाडीतला गाळ उपसायला हवा. पर्यटनाच्या चर्चेत मात्र बनाना राइडलाच जास्त जागा मिळते. हा उफराटा हिशेब आहे, आणि तो चुकवण्यात पाहुण्यांचा वाटा मोठा आहे.

तेव्हा पुढच्या खेपेला साळावचा पूल ओलांडण्याआधी गाडी बाजूला लावा. रेवदंड्याच्या तटातून पायी फिरा, चौलला रामेश्वराची पुष्करणी पाहा, रेवदंड्यातलं बेने इस्रायलींचं सिनेगॉग कुठे आहे ते विचारा. मग कोर्लईच्या कोळीवाड्यात जा आणि मासळी तिथेच विकत घ्या. फक्त 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. त्या दोन महिन्यांत ताज्या पापलेटचा हट्ट धरू नका.