विकत घेतलेले कष्ट

माझ्या पुतण्याने २०२२ साली गोव्याच्या ट्रायथलॉनसाठी नाव नोंदवले, तेव्हा घरात कौतुकापेक्षा प्रश्नच अधिक उमटले. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर २०१९ साली सुरू झालेली ही स्पर्धा. समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचे, तसेच ओल्या अंगाने ९० किलोमीटर सायकल चालवायची आणि शेवटी २१.१ किलोमीटर धावायचे. मूळ ‘आयर्नमॅन’ स्पर्धा याच्या दुप्पट अंतराची. १९७८ साली हवाई बेटांवर ती प्रथम भरली, तेव्हा १५ जण उतरले आणि १२ जणांनी ती पूर्ण केली.

सूनबाई मला म्हणाली, “काका, यांच्या बाबांनी भाजीच्या पाट्या उचलल्या त्या पोटासाठी. यांना कोणी सांगितलं हे कष्ट विकत घ्यायला?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. अशा स्पर्धेच्या तयारीला अनेक महिने आठवड्याचे दहा-दहा तास द्यावे लागतात. ते तास आभाळातून पडत नाहीत. कोणाच्या तरी वाट्याचे ते काढून घेतलेले असतात. पुतण्या पहाटे सायकल घेऊन निघे, तेव्हा मुलीचा डबा, आजारी आईची औषधे आणि रविवारच्या मिस्सेची घाई हे सारे सुनेच्या अंगावर पडे. मग स्वखुशीने पत्करलेल्या या क्लेशाला साधना म्हणायचे की हौस?

क्लेशाला स्वतःचे असे पुण्य नसते, असे मला वाटते. संत पौलाने ख्रिस्ती जीवनाला शर्यतीची उपमा दिली हे खरे. परंतु करिंथकरांस लिहिलेल्या त्याच पहिल्या पत्रात त्याने प्रीतीला सर्वांहून श्रेष्ठ ठरवले. देहाला शिस्त लावायची ती कशासाठी, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. उलट अधिक टोकदार होतो.

अमेरिकेतील धर्मभगिनी मॅडोना ब्युडर यांचे उदाहरण या संदर्भात आठवते. एका धर्मगुरूंच्या सूचनेवरून त्यांनी वयाच्या ४८ व्या वर्षी धावण्यास आरंभ केला. पुढे २०१२ साली, ८२ व्या वर्षी, कॅनडात त्यांनी पूर्ण अंतराची आयर्नमॅन स्पर्धा १७ तासांच्या मुदतीत पार पाडली. व्रतस्थ जीवनाला जी नियमितता लागते, तीच त्यांनी रस्त्यावर आणली. तरीही संसारी माणसाने केवळ त्यांच्याकडे बोट दाखवून सुटका करून घेऊ नये. त्यांच्यामागे डब्याची वाट पाहणारे लेकरू नव्हते.

संसारी माणसाला अधिक जवळचा वाटावा तो डिक हॉइट. त्याचा मुलगा रिक जन्मतःच मेंदूच्या पक्षाघाताने ग्रस्त होता. चालणे-बोलणे त्याला शक्य नव्हते. १९७७ साली एका शर्यतीत बापाने त्याची चाकांची खुर्ची ढकलली. धावताना आपले अपंगत्व नाहीसे झाल्यासारखे वाटले, असे मुलाने संगणकाच्या साहाय्याने कळवले. त्यानंतर बाप पोहायला शिकला. १९८९ साली हवाईतील आयर्नमॅनमध्ये मुलाला होडीत बसवून ती होडी त्याने दोरीने ओढली, पुढे त्याला सायकलवर घेतले आणि अखेरीस खुर्ची ढकलत अंतिम रेषा गाठली. २०२१ साली डिक आणि २०२३ साली रिक निवर्तला.

ती दोरी माझ्या मनातून जात नाही. प्रत्येक स्पर्धकाच्या अंगाला अशी एक दोरी बांधलेली असते. भेद इतकाच की हॉइट कोणाला तरी ओढत होता आणि आपल्यापैकी पुष्कळांना मात्र दुसरेच कोणीतरी ओढत असते. माझ्या पुतण्याची होडी सूनबाई ओढत होती. समुद्र पार करणाऱ्याला ही दोरी दिसते की नाही, यावरच त्याच्या कष्टांचे मोल ठरते.

हे मी पुतण्याला एकदा शांतपणे सांगितले. तो काही बोलला नाही. मात्र पुढच्या आठवड्यापासून लांबची सायकलफेरी शनिवारी होऊ लागली आणि डबा भरायला तो स्वतः उभा राहू लागला. गोव्यात त्याने स्पर्धा मुदतीत पूर्ण केली. सूनबाई अंतिम रेषेपाशी उभी होती. ती रडली हे तिनेच मला सांगितले.

दुसऱ्या वर्षी त्याने पुन्हा तयारी मांडली. परंतु पावसाळ्यात आईने अंथरूण धरले. दोन महिने तो रात्री तिच्या उशाशी बसला, तिची कूस बदलली, अंग पुसले. सराव मोडला, स्पर्धेचा दिवस आला आणि गेला. एका पहाटे मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा तो खुर्चीत जागाच होता. ज्या वेळी तो पूर्वी सायकल काढीत असे, तीच ती वेळ. भिंतीशी टेकलेल्या सायकलवर धूळ बसली होती.

“वाईट वाटतं का रे?” मी विचारले.

“वाटतं, काका,” तो म्हणाला. “पण इतका वेळ जागं राहायची सवय तिनंच लावली.”